‘दूध पुरत नाही’ असे ठरवण्यापूर्वी

नव्याने आई झालेल्यांना पुढे पाठवला जाणारा एक संदेश असा आहे: पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन घटले तर आईचे दूध अपुरे किंवा पातळ आहे, बाळ सारखे रडते म्हणजे ते उपाशी आहे, शंका असेल तर पंपाने दूध काढून मोजा आणि कमी भरल्यास लगेच वरचे दूध सुरू करा. हे वाचून अनेक आया खचतात, म्हणून यातला प्रत्येक मुद्दा तपासायला हवा.

वजन घटण्यापासून सुरुवात करू. जन्मतः बाळाच्या शरीरात जादा पाणी असते, पहिली काळी शी बाहेर पडते आणि सुरुवातीचा चीक थोडाच असतो. त्यामुळे पहिल्या तीन-चार दिवसांत जन्मवजनाच्या सुमारे 7 टक्क्यांपर्यंत घट होणे नेहमीचे आहे. 3 किलोच्या बाळात ही घट 210 ग्रॅम भरते. प्रसूतीच्या वेळी आईला सलाईन बरेच दिले असेल तर जन्मवजन थोडे फुगलेले असू शकते, हेही लक्षात ठेवावे. बहुतेक बाळे 10 ते 14 दिवसांत जन्मवजन पुन्हा गाठतात आणि पुढचे तीन महिने दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढतात. मात्र हा वेग रोजच्या रोज मोजण्यासाठी नाही. वेगवेगळ्या काट्यांवर, कधी कपड्यांसह तर कधी दूध पाजल्यावर केलेल्या वजनांची तुलना केली तर केवळ गोंधळ हाती येतो.

दूध ‘पातळ’ असल्याचा आक्षेप तर निराधारच आहे. एकाच वेळच्या पाजण्यात सुरुवातीचे दूध निळसर, पातळ दिसते आणि स्तन रिकामा होत जातो तसे त्यातील स्निग्धांश वाढतात. म्हणून बाळ एका बाजूला पीत असताना घड्याळाकडे पाहून ते काढून घेऊ नये.

रडण्याची कारणे अनेक असतात. भुकेच्या बाबतीत तर रडणे ही उशिराची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड उघडते, मान वळवून शोधते, मूठ चोखते. पंपाचाही निष्कर्ष फसवा असतो, कारण नीट पकड घेतलेले बाळ जेवढे दूध ओढते तेवढे यंत्राला जमतेच असे नाही.

सर्वांत घातक सल्ला आहे तो घाईघाईने वरचे दूध देण्याचा. स्तन जितका रिकामा होतो तितके दूध तयार होते. बाटलीने पोट भरलेले बाळ स्तनाला कमी लागते, दूध खरोखरच घटते आणि मग संदेश खरा ठरल्यासारखा वाटतो. त्याआधी पकड पाहावी. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि केवळ निप्पल नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात असावा. सुरुवातीचे भराभर चोखणे थांबून हनुवटी सावकाश, खोल हलू लागते, क्षणभर थबकते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. मला तर काट्यावरच्या आकड्याहून हा आवाज अधिक बोलका वाटतो. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजणे, पाचव्या दिवसानंतर रोज किमान सहा ओले लंगोट आणि शीचा रंग पिवळा होणे, ही दूध पोहोचत असल्याची चिन्हे आहेत.

याचा अर्थ काळजीला जागाच नाही, असा मुळीच नाही. घट 10 टक्क्यांच्या वर गेली, दोन आठवड्यांत जन्मवजन भरून आले नाही, लघवी कमी किंवा गडद होऊ लागली, कावीळ वाढली किंवा बाळ इतके सुस्त झाले की पाजायलाही उठत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी पूरक दूध सांगितले तर ते द्यावेच. शक्य तेथे आधी आईचे काढलेले दूध वापरावे, आणि दूध टिकावे म्हणून स्तनपान व दूध काढणे त्यासोबत चालू ठेवावे.