मालिका संपली, आता तुमची पाळी

शंभूराजांवरची मालिका परवा संपली. शेवटचा भाग पाहूनही ज्यांनी अजून मत मांडलेलं नाही, असे दोन-चार लोक महाराष्ट्रात उरले असतील, त्यांच्यासाठी हे चार शब्द. घाबरू नका. ऐतिहासिक मालिकेच्या शेवटावर प्रतिक्रिया देणं अजिबात अवघड नाही. त्यासाठी इतिहास माहीत असावा लागत नाही, मालिका नेमाने पाहिलेली असावी लागत नाही, आणि खरं सांगायचं तर शेवटचा भागही पाहिलेला असावा लागत नाही. मोबाइलला चार्जिंग असलं की झालं.

तयारी मात्र आठवडाभर आधी सुरू करा. 'तो भाग मला बघवणार नाही, आमच्या घरी त्या दिवशी टीव्ही बंद' असं स्टेटस सोमवारी टाका. बुधवारी तेच पुन्हा टाका, या वेळी काळ्या पार्श्वभूमीवर. रविवारी महाएपिसोडच्या आधी जेवणं उरकून घ्या, सोफ्याची मधली जागा धरा आणि म्हणा, 'आवाज वाढव रे.'

शेवट कुणी आधी सांगितला तर चिडा. ११ मार्च १६८९ रोजी काय झालं हे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे, पण म्हणून काय स्पॉयलर द्यायचे?

भाग सुरू असताना टीव्हीकडे बघू नका, टाइप करायचं राहून जातं. जाहिरातींवर भरवसा ठेवा, त्या भरपूर असतात. साखळदंडांचा आवाज येतो, कॅमेरा हळूहळू महाराजांच्या डोळ्यांपाशी जातो, तुमच्या घशात आवंढा येतो आणि त्याच क्षणी पडद्यावर एक बाई हसत हसत पांढरे शर्ट वाळत घालायला लागते. या वेळेत 'अंगावर काटा' एवढं लिहून होतं. काटा आला नसला तरी लिहा, इतरांनी आधीच लिहिलेलं असतं, आपणच मागे राहिलो असं दिसायला नको.

वेशभूषेवर एक तरी आक्षेप घ्या. सुचत नसेल तर जिरेटोप. जिरेटोपावरचा आक्षेप कधी वाया जात नाही.

फितुरी कुणी केली हे ठरवताना आपली जात सोडून बाकी सगळ्या तपासा.

पुराव्याच्या भानगडीत तर पडूच नका. महाराजांना धरायला मोगल सरदार मुकर्रबखानाची फौज संगमेश्वरला नेमकी कुणाच्या वाटाडेपणाने पोचली, त्यात महाराजांच्या सासरचे शिर्के किती, कारकून किती आणि हेरगिरी किती, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण अभ्यासकांना कुठे कमेंट टाकायची असते? तुम्हाला असते. फितुराचं काम करणाऱ्या नटाचं खातं शोधून काढा आणि त्याच्या आईवरून शिव्या द्या. त्याने मुलीच्या वाढदिवसाचा फोटो टाकला असेल तर त्याखालीच द्या, तिथे गर्दी कमी असते. बिचारा चित्रनगरीत सकाळी गाल रंगवून उभा राहतो, लिहून दिलेली वाक्यं म्हणतो आणि संध्याकाळी लोकलने घरी जातो, हे लक्षात आणून देणाऱ्याला 'तू पण गद्दारच' म्हणा.

आता मुख्य मुद्दा. शेवट आवडला नाही असंच म्हणायचं असतं, प्रश्न फक्त कारणाचा. 'फार लांबवलं' म्हणता येतं, 'घाईत गुंडाळलं' म्हणता येतं, दोन्ही एकाच वाक्यात म्हणणारेही मी पाहिले आहेत. पण सर्वांत दर्जेदार कारण वेगळंच आहे. ते मला माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर ऐकायला मिळालं.

आमचे भाचेजावई त्या रात्री सहकुटुंब आले होते. जावई म्हटल्यावर बोलायची सोय नाही. त्यांच्यासोबत त्यांची पोरं, धाकटी अजून बालवाडीत. तुळापूरचा, महाराजांच्या हत्येचा प्रसंग आला. दिग्दर्शकाने शहाणपणा केला होता, बरंचसं सावल्यांत ठेवलं होतं, बरंचसं नुसत्या आवाजावर आणि बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर. पोरगी आजीच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. माझी बायको डोळे पुसत होती. पडद्यावर भीमा-इंद्रायणीचा संगम दिसला, नावं वर सरकायला लागली आणि भाचेजावई म्हणाले, 'एवढंच? नीट दाखवलंच नाही की!'

नीट! शब्द ऐका. म्हणजे काय हवं होतं यांना? जीभ, डोळे, कातडी, सगळं क्रमाने, उजेडात, जवळून? आमच्या घरून निघायच्या आत त्यांनी कौटुंबिक ग्रुपवर टाकलं: 'शेवट फसला. महाराजांनी चाळीस दिवस काय सोसलं ते दाखवायची हिंमत नाही चॅनेलमध्ये.' पाठोपाठ एक चित्र, कुठल्यातरी यंत्राकडून काढून घेतलेलं, इतकं लालभडक की मी फोन उलटा ठेवला. ग्रुपवर शाळेतली पोरं आहेत. खाली बावीस अंगठे, अकरा हात जोडलेले, आणि एका काकूंचं चुकून गेलेलं हसरं तोंड.

मी दोनच ओळी लिहिल्या. संगमेश्वरला धरले १ फेब्रुवारी १६८९ ला, जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या तारीखवार नोंदींत, तिथी आहे, माघ वद्य सप्तमी. तिथून फाल्गुन अमावास्येपर्यंत, म्हणजे ११ मार्चपर्यंत मोजलं तर दिवस अडतीस होतात. छळाची वर्णनं ज्या मोगल इतिहासकार खाफीखानाच्या नावावर आपण सांगतो, त्याने ते घटनेनंतर काही दशकांनी लिहून काढलं, तेव्हा चित्रं जरा जपून टाकावीत. एवढंच. यावर उत्तर आलं, 'तुम्हाला औरंग्याचा एवढा पुळका का?' आणि मी टाइप करत असतानाच मला ग्रुपमधून काढण्यात आलं. अ‍ॅडमिन माझे सख्खे साडू आहेत. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे मुंज आहे, पत्रिका आली तर कळवीन.

तर वाचकहो, शिका. अडतीसचे चाळीस करणं म्हणजे निष्ठा, आणि चाळीसचे अडतीस करणं म्हणजे द्रोह.

असो. सूचना चालू ठेवतो.

पोरांना शेवटचा भाग जबरदस्तीने दाखवा, रडली की व्हिडिओ काढा. 'बघा आमच्या चिमुकल्याचं शंभूप्रेम' या मथळ्याखाली तो उत्तम चालतो. पोरगं रात्री दचकून उठलं तर त्याचा काढू नका, तो चालत नाही.

'हे पाठ्यपुस्तकात का शिकवलं नाही' हे वाक्य पाठ करून ठेवा. स्वतः शाळेत असताना इतिहासाच्या तासाला काय करत होतात हे कुणी विचारणार नाही.

पोस्टमध्ये 'बुधभूषणम्' असा उल्लेख जरूर करा. महाराजांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला हे सांगताना ऊर भरून येतो, आणि ऊर भरला की ग्रंथ उघडून बघावा लागत नाही. त्यात राजनीती आहे, राजाने काय करावं नि काय टाळावं ते आहे, पण रक्त नाही. तुमच्या कामाचं नाही ते.

पुढची सूचना लिहायला घेतली होती, 'गुढी उभारायची की नाही यावर दरवर्षीप्रमाणे भांडा' अशी. राहू दे. मला आता हा सूचनांचा खेळ पुढे रेटवत नाही.

अहो, तो माणूस नऊ वर्षं राज्य करत होता! १६८१ च्या जानेवारीत राज्याभिषेक झाला आणि त्याच वर्षी औरंगजेब स्वतः, सगळा लवाजमा घेऊन दख्खनेत उतरला. एका बाजूला मोगल, एका बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी, एका बाजूला पोर्तुगीज. नाशिकजवळचा रामशेज, एवढासा किल्ला, मोगलांना वर्षानुवर्षं दाद देईना. १६८३ साली मराठ्यांनी गोव्याला अशी धडक दिली की पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, सेंट झेवियरची शवपेटी उघडून, आपला राजदंड त्या शवापाशी ठेवून, आता तूच गोवा सांभाळ म्हणून साकडं घालत बसला. विजापूर १६८६ मध्ये बुडालं, गोवळकोंडा १६८७ मध्ये बुडाला, दोन-दोन शतकांच्या आसपासच्या पातशाह्या बादशहाने वर्षभराच्या अंतराने गिळल्या, पण हे राज्य उभंच राहिलं. यातल्या एका गोष्टीवर तुमच्या ग्रुपमध्ये एक अंगठा तरी आला का? मालिकेत कारभाराचा प्रसंग लागला, जमाखर्चावर नाहीतर तोफांच्या दारूवर बोलणं सुरू झालं की तुम्ही चहा टाकायला उठत होतात. 'आज काही झालंच नाही' म्हणत होतात. मी पाहिलंय तुम्हाला.

मल्हार रामराव चिटणीसांनी महाराजांच्या मृत्यूला शंभरावर वर्षं उलटल्यावर बखर लिहिली आणि त्यांना व्यसनी, बेबंद ठरवून ठेवलं. नाटकवाल्यांनी ते उचललं, रंगवलं, पिढ्यान् पिढ्या टाळ्या घेतल्या. वा. सी. बेंद्र्यांनी दप्तरं चाळून, एकेक कागद ताडून पाहून १९६० साली चरित्र छापलं, पुढे डॉ. कमल गोखल्यांनी आणखी खणलं, तेव्हा कुठे तो डाग पुसायला लागला. एवढं करून राजा परत मिळवला. कुणाच्या हाती? तर 'नीट दाखवलंच नाही' म्हणणाऱ्यांच्या. बत्तीस वर्षांच्या आयुष्यातले अडतीस दिवस ठेवायचे आणि बाकीचं रद्दीत! त्या बखरकाराने त्यांना बाटलीत कोंबलं, तुम्ही साखळदंडात. माणूस कुणालाच नको.

आणि याला शेवट कोण म्हणतं? तुळापुरानंतर औरंगजेब अठरा वर्षं याच मुलखात वणवण करत होता. संताजी घोरपड्यांनी त्याच्या छावणीत शिरून तंबूचे सोन्याचे कळस कापून नेल्याची हकीकत तुम्हीच अभिमानाने सांगता ना, मग ती कुणाच्या मरणानंतरची आहे? धाकटे भाऊ राजाराम महाराज दूर तमिळ मुलखात जिंजीला गेले, मोगलांना वर्षानुवर्षं तिकडे अडकवून ठेवलं. १७०० मध्ये ते सिंहगडावर वारले आणि त्यांच्या राणी ताराबाईंनी राज्य हातात घेतलं. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला मेला. दिल्ली त्याला परत दिसली नाही. ताराबाईंवरही मालिका आली होती, आठवते का? किती भाग पाहिलेत? तिथे कुणाची कातडी सोलायची नव्हती, म्हणून पाहिली नाहीत.

शंभूराजांच्या राणी येसूबाईंचं तर नावच काढत नाही कोणी. नवऱ्याची ती बातमी आल्यावर ही बाई रायगडावर वेढ्यात बसून निर्णय घेते की राजारामाने बाहेर पडावं, मी गड धरून ठेवते. स्वतःचा मुलगा मांडीवर असताना दीराला गादीवर बसवते. नोव्हेंबरात गड पडतो, सात वर्षांच्या शाहूला घेऊन ती कैदेत जाते आणि परत येते ती थेट १७१९ साली. तीस वर्षं. अडतीस दिवसांवर रात्रभर भांडणाऱ्या माणसांनो, तीस वर्षं! त्यातला एक दिवस सांगता येईल तुम्हाला? एक? की तिथेही 'नीट दाखवलंच नाही' म्हणून चॅनेलकडे बोट दाखवणार?

हिंमत नाही म्हणे चॅनेलमध्ये. हिंमत तुमच्यात नाही. राजाचं मरण पोरीला दाखवायची घाई आहे, पण त्याने राज्य कसं चालवलं हे तिला सांगायचं तर आधी स्वतः बसून वाचावं लागेल, तिथे तुमचं पाणी जोखलं जातं. वाचनालयं अजून उघडी असतात. बेंद्रे मिळतात, गोखले मिळतात. आणा आणि वाचा. नसेल वाचायचं तर निदान त्या पोरीसमोर गप्प बसा, आणि त्या नटाच्या लेकीच्या फोटोखालची घाण आज रात्री स्वतःच्या हाताने पुसून टाका.