प्रवाळांवरचे जिवाणू : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

प्रवाळांच्या सूक्ष्म सोबत्यांविषयीच्या, म्हणजे त्यांच्या ऊतींत राहणाऱ्या शैवालांविषयीच्या आणि जिवाणूंविषयीच्या, माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया शांतपणे वाचली आणि मगच उत्तर लिहायला बसले. आपले म्हणणे थोडक्यात असे : शैवालांमुळे प्रवाळाला अन्न मिळते हे मान्य, पण ‘जिवाणू म्हणजे बोटीच्या तळाला चिकटलेले शिंपले, त्यांच्यावाचून बोटीचे काही अडत नाही’, प्रवाळाला शैवालाकडून मिळणाऱ्या अन्नाचा माझा नव्वद टक्क्यांचा आकडा सरसकट आहे, समुद्र तापतच राहणार असेल तर ही सारी चर्चा व्यर्थ आहे, आणि ‘घरबसल्या समुद्रविज्ञान लिहिणाऱ्यांनी आधी पाय ओले करावेत’.

या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलते, कारण त्यात मतभेद नाही, केवळ हिणवणे आहे. मी मालवणची. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत उधाणाच्या सुकतीला उघडी पडणारी प्रवाळे मी शाळेत असल्यापासून पाहत आले आहे. उन्हात उघड्या पडलेल्या पोरायटीस वंशाच्या प्रवाळाच्या गोळ्यावर चकचकीत, बुळबुळीत श्लेष्म्याचा थर चढतो. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना, रीतसर परवानगी असलेल्या एका प्रकल्पात, तोच श्लेष्मा काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात दाटीने पसरलेले दंडाकृती जिवाणू दिसले आणि माझा अभ्यासविषय तिथेच ठरला. अनोळखी व्यक्तीच्या पायांची चौकशी करण्यापूर्वी तिने काय लिहिले आहे ते नीट वाचावे, एवढी अपेक्षा गैर नसावी.

आता शिंपल्यांकडे वळते. शिंपला कोणत्याही बंदरात कोणत्याही बोटीला चिकटतो. प्रवाळाचे जिवाणू तसे वागत नाहीत. फॉरेस्ट रोहवर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पनामा व बर्म्युडा येथील प्रवाळांचे जिवाणू तपासले, तेव्हा एकमेकांपासून दूर असलेल्या पण एकाच जातीच्या प्रवाळांवर सारखे जिवाणू आढळले, तर शेजारी वाढणाऱ्या वेगळ्या जातींवर वेगळे. शिवाय शिंपला लाकडाच्या बाहेरच राहतो. एंडोझोइकोमोनास वंशाचे जिवाणू मात्र प्रवाळाच्या ऊतींच्या आत पुंजके करून राहतात. काही जिवाणू पाण्यात विरघळलेला नायट्रोजन स्थिर करतात, म्हणजे शैवालाला वापरता येईल अशा रूपात आणतात, आणि येथे तर आपण मान्य केलेल्या शैवालांचाच प्रश्न येतो : नायट्रोजन बेताचा असतो तोवर शैवाल आपली साखर यजमान प्रवाळाला देते, तो गरजेहून अधिक झाला की ते स्वतःच्या वाढीसाठी साखर राखू लागते आणि सहजीवन डळमळते. म्हणजे ज्या अन्नाचे श्रेय आपण एकट्या शैवालाला देता, त्याच्या हिशेबात जिवाणूंचाही हात आहे.

भूमध्य समुद्रातील ओक्युलिना पॅटागोनिका या प्रवाळाचे उदाहरण लेखात होते. आपण त्याचा उल्लेखही केलेला नाही. इस्रायलमध्ये युजीन रोझेनबर्ग यांच्या गटाला व्हिब्रिओ शिलोई हा जिवाणू कोमट पाण्यात या प्रवाळाचे विरंजन, म्हणजे शैवाल गमावून पांढरे पडणे, घडवताना दिसला होता. काही वर्षांनी तोच जिवाणू त्या प्रवाळापुढे निष्प्रभ ठरू लागला. प्रवाळाला आपल्यासारखी प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) नसतात, मग हा प्रतिकार आला कोठून? सोबतचे जिवाणू बदलल्यामुळे, असे गृहीतक या गटाने २००६ मध्ये मांडले. त्यावर आणि मूळ निष्कर्षावर पुढे आक्षेप आले, हे मला ठाऊक आहे. पण ते घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रवाळे तपासली, उपमा दिल्या नाहीत. २०२१ मध्ये राकेल पेशोटो यांच्या गटाने ब्राझीलच्या मुसिस्मिलिया हिस्पिडा या प्रवाळाला निवडक उपकारक जिवाणूंचे मिश्रण देऊन उष्णतेचा ताण दिला, तेव्हा जिवाणू न दिलेल्या प्रवाळांच्या तुलनेत जगण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले. ज्यांच्यावाचून काही अडत नाही, त्यांच्यामुळे जगण्या-मरण्यात एवढा फरक कसा पडला, हे आपणच सांगावे.

नव्वद टक्क्यांबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. तो आकडा उथळ, भरपूर उजेडाच्या पाण्यातला आणि कमाल मर्यादेचा आहे. ‘नव्वद टक्क्यांपर्यंत’ असा बदल लेखात केला आहे.

समुद्राच्या तापण्याविषयी लेखाच्या अखेरीस मी स्वतःच लिहिले आहे, ते येथे पुन्हा उगाळत नाही. ब्राझीलचा तो प्रयोग टाकीतला होता, खुल्या समुद्रात तेच मिश्रण प्रवाळावर टिकेल का, असा प्रश्न आपण विचारला असता तर मी आनंदाने सविस्तर बोलले असते, कारण खरी अडचण तेथेच आहे. अजूनही विचारू शकता.