पाहुणे दर शनिवारी

कॉलेजच्या साप्ताहिक व्याख्यानमालेचे समन्वयकपद तुमच्याकडे आले असेल, तर ज्या मीटिंगला तुम्ही रजेवर होता तिथेच ते ठरले असणार. असू द्या. दर शनिवारी एक पाहुणा, कधी व्याख्यान, कधी गाणे, कधी नृत्य, आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फाइलमध्ये प्रत्येकाचा फोटो. कार्यक्रम कोणी ऐकला का, असा रकाना त्या फाइलमध्ये नसतो. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे.

सुरुवात फ्लेक्सपासून करा. वरच्या दोन ओळी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या. पाहुण्याचा फोटो खाली कोपऱ्यात, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर आला तसाच फ्लेक्सवाल्याकडे ढकला. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करते, मग तो दोन फूट ताणला की चेहऱ्याचे चौकोन होतात आणि पाहुण्याला स्वतःची ओळख पटायला वेळ लागतो.

मुंबईच्या पाहुण्याला सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने बोलवा. नाशिक रोडला उतरल्यावर आपण नाशकात पोचलो असे त्यांना वाटेल, वाटू द्या. गंगापूर रोडवरचे कॉलेज तिथून दहा-बारा किलोमीटर आणि मध्ये द्वारका सर्कलची कोंडी, हे त्यांना गाडीत बसल्यावर कळलेले बरे. ड्रायव्हरचा नंबर पाहुण्याला किंवा पाहुण्याचा ड्रायव्हरला, दोन्हीपैकी एकच द्यायचा.

श्रोत्यांचे काय? मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. लोक आपणहून येतात, उकाड्यात बसून ऐकतात, हजेरी कोणी घेत नाही. असल्या गोष्टींकडे बघून मन विचलित करू नका. आपण एफवाय बीकॉमचे दोन वर्ग उचलायचे, 75 टक्के हजेरीची आठवण द्यायची आणि दाराशी एक शिपाई उभा करायचा. पुढच्या तीन रांगा मान्यवरांसाठी राखीव ठेवा. मान्यवर येत नाहीत, मुले मागे बसतात आणि वक्ता तासभर रिकाम्या खुर्च्यांचे प्रबोधन करतो. जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, पहिल्या दहा मिनिटांतच, मंचाच्या मागून काढून घ्या. नंतर मागचे दार उघडे सापडते.

आता साउंड. इथे कसूर नको, कारण व्याख्यान पाडायचे काम यंत्रणा एकटीने करू शकते. दोन्ही स्पीकर वक्त्याच्या पाठीमागे, माइककडे तोंड करून ठेवा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून परत स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये, आणि तिसऱ्या वाक्याला अशी कूक निघते की मागच्या रांगेतले झोपलेलेही उठतात. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवले तर यातले काही होत नाही, म्हणून तसे ठेवायचे नाही. कूक आली की कोणीतरी धावत येऊन माइकची जाळी मुठीत धरतोच. अडवू नका. जाळी झाकली की माइक चारही बाजूंचा आवाज ओढायला लागतो आणि कूक दुप्पट होते. प्रोजेक्टर जुना, व्हीजीएचा असावा. पाहुण्याच्या नव्या लॅपटॉपला तसले भोकच नसते, आणि कन्व्हर्टर लॅबच्या कपाटात, ज्याची किल्ली शनिवारी सुट्टी घेणाऱ्यांकडे.

शास्त्रीय गायनाला वाव आणखी मोठा. गायिका कोणत्या पट्टीत गाते, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरते, हे विचारायचे नाही. ती काळी चारला गाणार आणि आपण काळी एकचा छोट्या तोंडाचा, वरच्या सुराचा तबला आणून ठेवणार. तबलजीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे कितीही ठोकले तरी तो एवढा खाली उतरत नाही. उतरलाच तर पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, सैल पडून आवाज बसतो. योग्य तबला आलाच, तर तो हॉलबाहेर लावायला बसवा आणि ऐन वेळी एसी हॉलमध्ये आणा. कोरड्या हवेत पुडी ताणते, सूर चढतो आणि पहिला ख्याल हातोडीच्या साथीने होतो. तानपुऱ्याला माइक देऊ नका, तो वाजतोय हे दिसते की. कथक असेल तर मंचावर जाड गालिचा अंथरा. घुंगरांची छुनछुन तेवढी पोचते, पायाचा आघात गालिचा गिळतो. गालिचा नको म्हणाले तर खालची नुसती फरशी दाखवा. लाकडी तक्तपोशी मागणाऱ्या कलाकारांना पुन्हा बोलवायचे नसते.

वेळेचे गणित पक्के करा. अकराचा कार्यक्रम अकरा चाळीसला. दीपप्रज्वलनाला पंखे चालू असावेत, म्हणजे दहा मिनिटे काडेपेटीतच जातात. मग स्वागतगीत, प्रास्ताविक वीस मिनिटे, परिचय पंधरा. परिचय म्हणजे पाहुण्यांनी पाठवलेले चार पानी पीडीएफ, शाळेच्या टक्केवारीसह. विषय शेअर बाजार असो की सापांचे संवर्धन, निवेदिकेने ‘कुसुमाग्रजांच्या या पावन नगरीत’ म्हटलेच पाहिजे. सत्कारात शाल, श्रीफळ आणि रोप. ते रोप परतीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसायचे असते, याचा विचार पाहुण्यांनी करावा. अध्यक्षांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे असल्याने अध्यक्षीय भाषण आधी. पाहुणे माइकसमोर येतात तेव्हा एक वाजलेला असतो आणि शेवटची सिटी बस दीडची, असे मुले एकमेकांना सांगत असतात.

मानधनाचे बोलणे कार्यक्रमाआधी काढू नये, अपमान वाटतो. कार्यक्रमानंतरही काढू नये, घाई दिसते. पॅन कार्डाची झेरॉक्स आणि रद्द केलेला चेक मात्र चहाच्या कपाबरोबरच मागा. रक्कम 5000 च्या वर असेल तर पावतीवर 1 रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो आणि तो त्या दिवशी ऑफिसात नसतो. पाहुणे मिसळ खाऊन जातात, फाइल मार्चपर्यंत राहते.

अहवाल शुक्रवारीच लिहून ठेवा. ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य कायमचे, नाव आणि विषय दर आठवड्याला बदलायचा. घाईत नाव बदलले आणि विषय राहिला, तर कथक नृत्यांगनेने सायबर सुरक्षेवर मौलिक मार्गदर्शन केल्याची नोंद होते. खोडू नका. नॅकची समिती आली की हाच कार्यक्रम राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 खालचा आंतरविद्याशाखीय उपक्रम म्हणून पुढे करा.