राजारामपुरीतली चौकट

"एका वर्षात दहा हजार पेपर माघारी घेतले म्हणे. मग तुमच्या विज्ञानावर इस्वास ठेवायचा कसा?" गणपतीत मामांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी इथं जर्मनीत केअरवोखची, म्हणजे जिना झाडायच्या आठवड्याच्या पाळीची, पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवत होतो. राग जिन्यातच आला, तो अजून गेलेला नाही.

आकडा मामांनी बरोबर सांगितला. 2023 मध्ये जगभरात दहा हजारांवर शोधनिबंध मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे. पैसे मोजले की पेपर पाडून देणारे कारखाने त्यात उघडे पडले. पण हे प्रमाण हजारात दोन-तीन असं आहे. मामा, तुमचं गुऱ्हाळ आहे. साखर घातलेला गूळ पकडला गेला म्हणून कोल्हापुरानं गूळ सोडला का? उलट तसला गूळ पकडला गेला, तरच तुमच्या आदणाला नीट भाव येतो.

मला काळजी आहे ती न पकडलेल्या पेपरांची. गोवर-गालगुंडांच्या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा डॉक्टर वेकफिल्डचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1998 साली आला. अवघ्या बारा मुलांवरचा. मागे घ्यायला 2010 उजाडलं. 2020 मध्ये कोविडच्या रुग्णांना दिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा निबंध त्याच 'लॅन्सेट'नं दोन आठवड्यांत मागे घेतला, कारण आकडे कुठून आले हे तपासायला मिळेना. बारा वर्षं आणि दोन आठवडे! मामा, बघायचं ते हे.

तिकडची दुसरी बातमी मला जास्त टोचली. 2025 च्या एनआयआरएफमध्ये, म्हणजे भारत सरकारच्या विद्यापीठ-कॉलेजांच्या क्रमवारीत, मागे घेतलेल्या पेपरांसाठी गुण कापले. चोरांसाठी ठीक आहे. पण फ्रान्सेस अर्नोल्ड यांनी 2018 ला नोबेल मिळवलं आणि 2020 च्या जानेवारीत स्वतःचाच निबंध मागे घेतला. प्रयोग पुन्हा जमेना, वहीत नोंदी सापडेनात, म्हणून जाहीर माफी मागितली. अशा माणसाचे गुण कापले तर पुढचा माणूस तोंड उघडेल का? इकडे 2011 साली प्रबंधातल्या उचलेगिरीपायी संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांना पद सोडावं लागलं, 2013 मध्ये शिक्षणमंत्री शावान यांनाही. आपल्याकडे असं होईल का, असं मी मामांना विचारलं. आवाज चढलाच होता.

आणि फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली.

बॅटरीवरचा माझाही एक पेपर मागे घेतलेला आहे. ज्याच्याशी ताडून बाकीचं मोजतात, त्या प्रमाण नमुन्याची तीव्रता मी दहापट चुकीची भरली होती. आठ महिन्यांनी नव्या मुलीला तेच मोजमाप जुळेना, तेव्हा ते सापडलं. नियतकालिकाला पत्र मीच लिहिलं. सहा ओळींची सूचना छापून आली, आणि शुक्रवारी लॅबमध्ये नेहमीसारखा केक कापला. माझं कंत्राटही पुढं वाढलं.

घरी मात्र मी एक अक्षर बोललो नाही. त्या पेपरचं पहिलं पान आप्पांनी चौकटीत घालून राजारामपुरीतल्या घराच्या बैठकीत लावलंय, देवघराच्या दारालगत. आलेल्या प्रत्येकाला ते दाखवतात. "पोरगं फसलं" हे शब्द त्यांच्या कानावर पडू नयेत, एवढंच मी बघितलं. एनआयआरएफला दोष देतो ते ठीक, पण लपवलं मी, तेही जर्मनीत बसून.

इथं येऊन शहाणा झालो, असं मी सांगत आलो. तेही खरं नाही. शिवाजी विद्यापीठात आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: वही शाईच्या पेनानं लिहायची, चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. ती सवय मी कोल्हापुरातून आणली. चूक सापडली तीही त्या वहीमुळेच, मी मारलेल्या एका रेघेखाली.

डिसेंबरात घरी येतोय. त्या सहा ओळी छापून घेतल्यात. चौकटीत पेपरच्या खाली तेवढी जागा आहे. आप्पांना आधी सांगायचं की आधी लावायचं, एवढंच ठरत नाही.