गोगोलकडे उपाय मागणाऱ्यांसाठी

गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर एकोणिसाव्या शतकातल्या निकोलाय गोगोल या रशियन लेखकाच्या ‘मृत आत्मे’ या कादंबरीवर चर्चा होती. बारा-तेरा जण होतो. चर्चा रंगात आली असताना आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, “अहो, एवढी पानं वाचली, पण त्यात एक माणूस धड नाही. ज्याला त्याला नावं ठेवायची, आणि उपाय विचारला तर काही नाही. असल्या लिखाणाने समाजाचं काय भलं होणार?” दोन-तीन माना डोलल्या. काकांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्याएवढं आमच्यात कुणीच वाचलेलं नाही. पण मला तिथे नीट बोलता आलं नाही आणि ते वाक्य आठवडाभर डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहिते आहे. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. झारच्या रशियात भूदासांची पद्धत होती. जमिनीबरोबर त्यावर राबणारी माणसंही जमीनदाराच्या मालकीची. सरकार पुरुष भूदासांवर कर घेई आणि तो भरण्याची जबाबदारी जमीनदारावर असे. आपण ‘दरडोई’ म्हणतो, तिथे रशियन कागदांवर शब्द होता ‘दुशा’, म्हणजे आत्मा. अमक्याच्या पदरी तीनशे आत्मे आहेत, असं बोललं जाई. शिरगणती कित्येक वर्षांनी एकदा व्हायची. मधल्या काळात कुणी मेला तरी पुढच्या गणतीपर्यंत कागदावर तो जिवंतच राही आणि त्याचा करही चालूच राही.

चिचिकोव्ह नावाचा एक गुळगुळीत, गोडबोल्या, नोकरीतून बाहेर पडलेला माणूस यात धंदा शोधतो. मेलेले भूदास विकत घ्यायचे. जमीनदार करातून सुटेल, आपल्या नावावर कागदोपत्री आत्मे जमा होतील, आणि ते जिवंत म्हणून सरकारी विश्वस्त मंडळाकडे गहाण टाकायचे. मंडळ आत्म्यामागे दोनशे रूबल देतं. हजार आत्मे म्हणजे दोन लाख. शिवाय नुकतीच साथ येऊन गेली आहे, मेलेले भरपूर आहेत, असा हिशोब तो मनाशी करतो.

आता कोरोबोच्का. ही एका लहानशा जहागिरीची विधवा मालकीण. चिचिकोव्ह तिच्याकडे अठरा मेलेले भूदास मागतो. बाई घाबरते. मेलेले आपण कधी विकले नाहीत, त्यांचा बाजारभाव माहीत नाही, कमी पैशात फसलो तर? न जाणो, घरकामात कधी उपयोगी पडतील! शेवटी पंधरा रूबलांना सौदा होतो, पण तिला झोप येत नाही, आणि पुढे ती स्वतः शहरात येते, मेलेल्यांचा चालू भाव काय आहे ते विचारायला.

आमच्या बैठकीत या प्रसंगाला सगळे हसले. मीही हसले. पण त्या घासाघिशीच्या मधेच बाई सहज एक वाक्य बोलून जाते. जिवंत माणसं मी विकली आहेत, म्हणते. दोन वर्षांपूर्वी दोन पोरी एकाला विकल्या, शंभर-शंभर रूबलांना, आणि तो फार खूश झाला, कारण पोरी कामाला उत्तम निघाल्या, हातमागावर स्वतः रुमाल विणतात.

हे वाक्य पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटलं होतं. दुसऱ्या वाचनात मी तिथेच अडकले. गोगोल त्यावर एक अक्षर बोलत नाही. चिचिकोव्हला त्यात वावगं वाटत नाही, बाईला वाटत नाही, आणि सौद्याचं पुढे काय होतं या ओढीत वाचकालाही वाटत नाही. मेलेला माणूस विकला जातो याचं आपल्याला नवल वाटतं आणि त्याच पानावर जिवंत पोरी विकल्या जातात ते आपण ओलांडून जातो. माझ्या मते ही सगळी कादंबरी त्या एका वाक्यावर उभी आहे. मेलेल्यांची विक्री हास्यास्पद असेल तर जिवंतांची विक्री काय आहे, हा प्रश्न लेखक विचारत नाही, पण एकदा दिसला की तो कितीही झटकला तरी जात नाही.

सोबाकेविचचं तेच. हा अस्वलासारखा जमीनदार मेलेल्या भूदासाला शंभर रूबल मागतो, आणि वर त्यांची तारीफ करतो. हा मिखेयेव, काय गाड्या बनवायचा! हा स्तेपान प्रोब्का, असा सुतार शोधून सापडणार नाही! चिचिकोव्ह म्हणतो, अहो, पण ते मेलेत ना. शेवटी अडीच रूबलांवर तडजोड होते. त्यातही सोबाकेविच यादीत एक बाई पुरुषाचं नाव करून घुसवतो. तिचं नाव एलिझावेता, त्याने लिहिलं ‘एलिझावेत’. कारण कर फक्त पुरुषांवर होता, म्हणून कागदावर किंमतही फक्त पुरुषाच्या आत्म्याला. चिचिकोव्हच्या लक्षात येतं तेव्हा तो तिचं नाव खोडून टाकतो. मेल्यावरसुद्धा बाईची गणती नाही. गोगोलच्या मनात हे होतं की नाही, यावर आमच्याकडे वाद झाला. माझ्यापुरतं सांगते, पानावर ते आहे.

मग खरेदीखताची कचेरी येते. इव्हान अंतोनोविच नावाचा कारकून. चिचिकोव्ह त्याच्यासमोर लाचेचा एक कागद, म्हणजे नोट, सरकवतो, कारकुनाला तो मुळीच ‘दिसत’ नाही, आणि तो लगेच त्यावर एक पुस्तक ठेवतो. चिचिकोव्ह त्याला दाखवू पाहतो तेव्हा तो मानेनेच खुणावतो की दाखवायची गरज नाही. दोन-तीन वाक्यांत सगळी कचेरी उभी राहते. आणि पुढे शहरातला सरकारी वकील, ज्याला कुणी कधी विचार करताना पाहिलं नव्हतं, या प्रकरणाचा विचार करून करून मरतो, तेव्हा लोकांना कळतं की याला खरोखरच आत्मा होता. ‘आत्मा’ हा शब्द गोगोल असा फिरवत नेतो. कागदावरचे मेलेले आणि खुर्चीतले जिवंत, यातला मृत आत्मा कोण, हे तो वाचकावर सोडतो.

काका म्हणाले, नुसती नावं ठेवली आहेत. मग सत्तेला या ‘नावं ठेवण्या’ची इतकी भीती का वाटावी? हस्तलिखित मॉस्कोच्या सेन्सॉर समितीपुढे गेलं तेव्हा काय झालं ते गोगोलनेच जानेवारी 1842 मधल्या पत्रात आपल्या मित्राला, प्लेतन्योव्हला, लिहिलं आहे. अध्यक्षांनी नाव ऐकूनच हरकत घेतली. आत्मा अमर असतो, मृत आत्मा कसा असेल, लेखक अमरत्वाच्या विरोधात शस्त्र उपसतो आहे! त्यांना समजावलं गेलं की हे शिरगणतीतले आत्मे आहेत. त्यावर ते म्हणाले, मग तर मुळीच नको, म्हणजे हे भूदासपद्धतीच्या विरोधात आहे. आणि समितीतल्या आणखी एका सेन्सॉरची हरकत मला सगळ्यात विलक्षण वाटते. त्याला अडीच रूबल ही किंमत खटकली. नुसतं कागदावरचं नाव असलं तरी ते नाव माणसाच्या आत्म्याचं आहे, तो आत्मा कधीतरी जगला होता, हे वाचून एकही परदेशी माणूस आपल्याकडे यायचा नाही.

थोडं थांबून विचार करा. त्या माणसाचा देश रोज जिवंत माणसं विकत होता. त्याला अडीच रूबल ही अवहेलना वाटली. म्हणजे कादंबरीने जे करायचं होतं ते तिच्या पहिल्या वाचकांपैकी एकाच्या मनात करून टाकलं होतं, आणि तो वाचक सेन्सॉर होता.

शेवटी पीटर्सबर्गच्या निकितेन्को या सेन्सॉरने परवानगी दिली. शीर्षकाआधी ‘चिचिकोव्हची साहसं’ असं जोडावं लागलं. आणि कॅप्टन कोपेइकिनची गोष्ट अडवली गेली. 1812 च्या युद्धात एक हात आणि एक पाय गमावलेला हा सैनिक पीटर्सबर्गला मदत मागायला येतो. बड्या साहेबाच्या दिवाणखान्यात बसतो, पुन्हा या, पुन्हा या, असं ऐकतो, शेवटी हाकलला जातो, आणि मग जंगलात दरोडेखोरांची टोळी उभी राहिल्याची बातमी येते. गोगोलला ती गोष्ट बदलावी लागली. छापील पुस्तकात दोष कोपेइकिनच्या पदरात टाकला गेला, त्याला हावरट आणि उधळ्या करण्यात आलं. जमीनदारांची टिंगल चालली, कारकुनांची चालली. मंत्र्याच्या दारातला पांगळा सैनिक चालला नाही.

आता काकांच्या ‘उपाया’कडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते यावरच.

हाच प्रश्न गोगोलला त्याच्या हयातीत विचारला गेला होता, आणि सगळ्यात जास्त त्याने स्वतःच स्वतःला विचारला. कवी पुश्किनला त्याने सुरुवातीची प्रकरणं वाचून दाखवली होती. पुश्किन आधी हसला, मग गंभीर होत गेला आणि शेवटी म्हणाला, देवा, किती उदास आहे आपला रशिया! गोगोलला ते लागलं. पहिला भाग 1842 मध्ये आला, तो डोक्यावर घेतला गेला, आणि गोगोल दुसऱ्या भागाच्या मागे लागला. त्यात चांगली माणसं दाखवायची होती, वाट दाखवायची होती. दहा वर्षं गेली. मधे 1847 मध्ये त्याने मित्रांना लिहिलेल्या निवडक पत्रांचं पुस्तक काढलं. त्यात उपायच उपाय आहेत. जमीनदाराने भूदासांना सांगावं की मी तुमचा मालक आहे ही देवाची इच्छा. आपल्याला पैशाचा लोभ नाही हे पटवण्यासाठी त्यांच्यासमोर थोड्या नोटा जाळाव्यात. शेतकऱ्याला वाचायला शिकवण्याची गरज नाही.

ज्या माणसाने कोरोबोच्का लिहिली त्यानेच हेही लिहिलं. मला हे वाचताना खरोखर वाईट वाटलं.

समीक्षक बेलिन्स्की तेव्हा क्षयाने खंगला होता. त्याने उपचाराच्या गावाहून गोगोलला एक जळजळीत पत्र लिहिलं. त्यात त्याने गोगोलला चाबकाचा प्रचारक आणि अज्ञानाचा प्रेषित म्हटलं. रशियाला प्रवचनं नकोत, माणसाच्या प्रतिष्ठेची जाणीव हवी, असं त्याचं म्हणणं होतं. ते पत्र छापणं शक्यच नव्हतं, ते हाताने नकलून फिरत राहिलं. 1849 मध्ये तरुण लेखक दस्तयेव्हस्कीने ते एका मंडळात वाचून दाखवलं. त्याला अटक झाली तेव्हा त्याच्यावर ठेवलेला हा एक मुख्य आरोप होता. त्याला गोळ्या घालण्यासाठी मैदानात उभं केलं आणि ऐनवेळी शिक्षा बदलून सैबेरियाला पाठवलं. 1852 मध्ये गोगोल गेला तेव्हा लेखक तुर्गेन्येव्हने मृत्युलेख लिहिला, त्याबद्दल त्याला महिनाभर कोठडी आणि मग आपल्याच जहागिरीवर स्थानबद्धता मिळाली.

आणि तो दुसरा भाग? 1852 च्या फेब्रुवारीत एका रात्री गोगोलने त्याचं हस्तलिखित जाळलं. त्याने खाणं सोडलं होतं. दहाएक दिवसांनी तो वारला, वय 42. काही प्रकरणांचे जुने खर्डे उरले, त्यात एक आदर्श जमीनदार आहे, एक सद्गुणी कोट्यधीश आहे. दोघेही बोलतात फार आणि दिसत मात्र नाहीत. पहिल्या भागातला कंजूष जमीनदार प्ल्युश्किन पहा, सोबाकेविच पहा, त्यांचा वास येतो. गोगोलसारख्या लेखकाच्या हातातही ती चांगली माणसं उभी राहिली नाहीत, कारण ती कुठे पाहिलेली नव्हती, ती मागणीवरून घडवलेली होती.

म्हणून काका, मला तुमचं म्हणणं पटत नाही. उपाय सांगणं हे सरकारचं, विधिमंडळाचं, चळवळींचं काम आहे. भूदासप्रथा 1861 मध्ये कायद्याने गेली. त्यामागे क्रिमियन युद्धातला पराभव होता, शेतकऱ्यांचे उठाव होते. गोगोलमुळे ती गेली असं मी म्हणणार नाही. पण शंभर रूबलांच्या दोन पोरी ज्यांना दिसत नव्हत्या त्यांना त्या दिसू लागणं, हे काम कुठल्या कायद्याने होतं? लेखकाला ‘आधी उपाय सांग, मग हस’ असं म्हणणं म्हणजे त्याच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेणं. आणि हे मी आजच्या लिहिणाऱ्यांबद्दलही तितक्याच तळमळीने म्हणते आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या जमिनीची वारस नोंद करायची होती. जुने फेरफार काढून एका कचेरीच्या बाकावर मी दुपारभर बसले होते. पानोपानी नावं, काहींपुढे ‘मयत’, काहींपुढे तेही नाही. माझे पणजोबा कागदावर अजून जमीन करत होते. त्या दुपारी मला सातवं प्रकरण आठवलं.

पुढच्या बैठकीत मी तेच मोठ्याने वाचणार आहे. चिचिकोव्ह आपली यादी उघडतो, आणि नावं पाहता पाहता त्या धंदेवाईक माणसाला एकदम प्रश्न पडतो, बाबांनो, किती जण कोंबलेत इथे, काय काय केलंत तुम्ही आयुष्यात? मग तो स्तेपान प्रोब्काची कल्पना करतो. कमरेला कुऱ्हाड, खांद्यावर बूट टाकून गावोगाव हिंडणारा धिप्पाड सुतार. एखाद्या पैशाची भाकरी आणि सुकी मासळी खाऊन घरी शंभर रूबल आणणारा. कदाचित चर्चच्या घुमटावर चढला असेल, पाय निसटला असेल आणि खाली आदळला असेल. आणि शेजारी उभा असलेला कुणी मिखेय काका मान खाजवत म्हणाला असेल, अरे, काय सुचलं रे तुला. आणि स्वतःच कमरेला दोर बांधून त्याच्या जागी वर चढला असेल.