एक नंबर मोठा बूट आणि बोटांची जागा: एका संदेशाचा प्रतिवाद

धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आधार देणारा बूट पायाला सर्व बाजूंनी घट्ट बसला पाहिजे, पुढून ऐसपैस असलेला बूट चालण्यापुरता ठीक, बोटे दाबली जात असतील तर सरळ एक नंबर मोठा घ्यावा, ओल्या पायाचा ठसा सपाट उमटला तर ‘सपोर्ट’चा बूट घ्यावाच, नाहीतर गुडघे गेले म्हणून समजा, आणि नवा बूट चावला तरी वापराने तो सैल होतो. यातले एकेक वाक्य आपण कुठल्या ना कुठल्या दुकानात ऐकलेले असते, म्हणून संदेश खरा वाटतो. नंबर वाढवण्याचा सल्ला मानून मी स्वतः दोन नखे घालवली आहेत, तेव्हा या वादात मी अगदीच तटस्थ नाही.

आधी ‘सर्व बाजूंनी घट्ट’ याविषयी. बुटात पाय धरून ठेवण्याचे काम दोन ठिकाणी होते. एक टाचेमागचा कडक कप आणि दुसरे पायाच्या मधल्या भागावर आवळलेली लेस. बोटे या कामात नसतात. पाऊल जमिनीवर टेकून शरीराचा भार चवड्यावर येतो तेव्हा चवडा पसरतो, बोटे किंचित फाकतात आणि अंगठा जमीन मागे रेटतो. त्या क्षणी पुढचा भाग निमुळता असेल तर अंगठा आत ढकलला जातो आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढते. फोड, कुरूप, बोटांच्या मुळाशी होणारी जळजळ या तक्रारी बहुधा इथूनच सुरू होतात. त्यामुळे टाच व मध्य पक्का आणि पुढचा भाग मोकळा, यांत विरोध काहीच नाही. विरोध वाटतो तो आपण ‘फिटिंग’ हा एकच शब्द सगळ्या बुटाला लावतो म्हणून.

खरे नुकसान करतो तो नंबर वाढवण्याचा सल्ला. आपल्याकडे बुटांवर बहुतेक वेळा ब्रिटिश नंबर छापलेला असतो. या पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि ही वाढ लांबीची असते. रुंदी त्या मानाने जेमतेम वाढते आणि पुढचा आकार निमुळता असेल तर तो निमुळताच राहतो. शिवाय बूट ज्या रेषेवर वाकतो ती रेषाही पुढे सरकते, म्हणजे पाय एका जागी वाकतो आणि बूट दुसऱ्या. टाचेमागे फट पडते ती वेगळीच.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि त्याच घाटाने उतरायचे असते. चढताना माझा एक नंबर मोठा बूट उत्तम वाटला. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला पाय आत पुढे घसरत होता आणि अंगठ्याचे नख बुटाच्या टोकावर आपटत होते. घरी येऊन मोजा काढला तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखे मुळाशी जांभळी झालेली होती, आणि पुढच्या काही आठवड्यांत ती काळी पडून निघून गेली. बूट लहान पडला, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तो मोठा होता; टाच धरली जात नव्हती.

संदेशाच्या बाजूने एवढे मान्य करावे लागेल की धावताना पाय सुजतो आणि म्हणून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. (हे सर्वांत लांब बोट अनेकांच्या बाबतीत अंगठ्याशेजारचे असते, हे मापे घेणारे हमखास विसरतात.) त्यासाठी ऑफिसच्या बुटापेक्षा अर्धा किंवा एक नंबर जास्त घ्यावा लागू शकतो. पण ती लांबीच्या तक्रारीवरची तजवीज आहे. तक्रार रुंदीची असेल तर त्याच लांबीत रुंद पर्याय मागावा. पुरुषांच्या बुटात नेहमीची रुंदी ‘डी’, त्याहून रुंद ‘टूई’ आणि आणखी रुंद ‘फोरई’. स्त्रियांसाठी नेहमीची रुंदी ‘बी’. ही अक्षरे चवड्याची रुंदी सांगतात, टोकाचा आकार सांगत नाहीत, म्हणून ‘टूई’ घेऊनही करंगळी दाबली जाऊ शकते. ओळखण्याची सोपी रीत अशी: बुटातला सुटा तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि पूर्ण भार देऊन त्यावर उभे राहावे. करंगळी किंवा अंगठा कडेबाहेर लोंबत असेल तर तो बूट आपला नव्हे, मग नंबर कोणताही असो.

यात पायांचा दोष नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील सुमारे १ लाख लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे आढळले. आपण मात्र अजून परक्या मापांवर बेतलेले बूट घेतो आणि अडचण आली की लांबी वाढवतो.

ओल्या पायाच्या ठशाची कथा वेगळी आहे. सपाट ठसा म्हणजे धावताना पाय आत कलतो आणि तो कल रोखायला ‘सपोर्ट’चा बूट हवा, असा त्यामागचा तर्क. पण ठसा उभ्या, स्थिर पायाचा असतो. धावताना पाय आत किती कलतो हे त्यावरून नीट कळत नाही. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन कोअरच्या नव्या जवानांवर ही कल्पना तपासली गेली. काहींना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, काहींना आकार न पाहता सरसकट एकाच प्रकारचे, आणि दुखापतींच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना वर्षभर साधे, कोणताही खास आधार नसलेले बूट देऊन पाहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत आत कलणाऱ्या पायांना अधिक धोका दिसला नाही. उलट बाजूचा पुरावाही नाही असे नाही. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंच्या २०१६ सालच्या अभ्यासात कल रोखणाऱ्या बुटांनी दुखापती कमी झाल्या, आणि हा फायदा मुख्यतः आत कलणाऱ्या पायांनाच झाला. म्हणजे असा बूट काहींना उपयोगी पडू शकतो; ‘घ्यावाच’ आणि ‘गुडघे गेले’ एवढे यातून निघत नाही.

वापराने सैल होण्याचा मुद्दा कातड्याच्या काळातला आहे. चामडे पायाचा आकार घेते. आजच्या धावण्याच्या बुटाचा वरचा भाग कृत्रिम धाग्याच्या जाळीचा असतो, टोकाला बहुधा आतून कडक पट्टी असते, आणि ती ताणून रुंद होत नाही. सैल होते ती जाळी, म्हणजे नेमका जो भाग पक्का राहायला हवा तो. दुकानात चावणारा बूट दुकानातच ठेवावा.

खरेदीला संध्याकाळी जावे, धावताना वापरतो तेच मोजे घालावेत आणि शेवटच्या दोन भोकांतून लेसचे फासे करून ती त्यांतून ओवावी, म्हणजे टाच जागेवर बसते आणि लेस पुढे सैल ठेवता येते. चवडा रुंद असलेल्या स्त्रियांनी त्याच लांबीचा पुरुषांचा बूटही घालून पाहावा. विक्रेता बहुधा भुवया उंचावेल. टाच थोडी ढिली वाटलीच तर वर सांगितलेले फासे तिथे कामी येतात.