किल्ला नंतर, आधी बाजार

इंग्लंडला येणाऱ्या आपल्या मंडळींचा दौरा ठरलेला असतो. लंडन, स्टोनहेंज, बाथ, जमलंच तर स्कॉटलंड. वाटेत एखादं छोटं गाव लागलं तर बस तासभर थांबते, किल्ल्यासमोर फोटो होतात, आइस्क्रीम खाऊन सगळे परत गाडीत. माझं मत विचाराल तर असलं गाव बाजाराच्या दिवशीच बघावं. किल्ला कुठे पळून जात नाही.

श्रॉपशरमधलं लडलो घ्या. वस्ती जेमतेम दहा-अकरा हजार, वेल्सची हद्द जवळच. श्रूजबरीहून ट्रेनने अर्ध्या तासाचा रस्ता. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी किल्ल्याच्या दारातल्याच चौकात बाजार भरतो. इथे पूर्वी व्हिक्टोरियन टाउन हॉलची इमारत उभी होती, ती 1986 मध्ये पाडली. वारसाप्रेमींना राग येईल, पण मला तरी चौक मोकळा झाला हे बरंच वाटतं. बाजार उघड्यावरच शोभतो.

चीजवाल्याकडे श्रॉपशर ब्लू मागा. नारिंगी रंग, त्यात निळ्या शिरा, वास आपल्या नाकाला जरा उग्रच. (नावावर जाऊ नका, हे चीज 1970 च्या दशकात पार स्कॉटलंडमध्ये जन्माला आलं!) चवीला तुकडा मिळतो. घासाघीस करायला गेलात तर मात्र माणूस गोड हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल.

तिथून चार पावलांवर सेंट लॉरेन्स चर्च. मनोरा 135 फुटी, सगळे मान वर करून तोच बघतात. तुम्ही खाली वाका. गायकवृंदाच्या लाकडी आसनांची फळी वर उचलली की खालच्या बाजूला मध्ययुगीन कोरीवकाम दिसतं. त्यातल्या एका फळीवर मापात मारणारी दारूवाली आहे. सैतानाने तिला खांद्यावर टाकलंय आणि नरकाच्या जबड्याकडे चाललाय, बाईच्या अंगावर कपडा नाही, पण हातातलं खोटं माप काही सुटलेलं नाही! बाजारगावाला नेमकी कशाची चीड होती, ते या वीतभर लाकडात कळतं. माहितीफलक वाचून नाही कळत.

ब्रॉड स्ट्रीटवरची घरं सावकाश बघा. बऱ्याच घरांना दर्शनी भिंत जॉर्जियन विटांची, आत सांगाडा जुन्या लाकडाचा. पैसा आला तशी तोंडं बदलली, घरं तीच राहिली.

आणि मग किल्ला. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर 1502 मध्ये इथेच वारला, हे सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 1811 मधला व्यवहार. त्या साली हा किल्ला राजसत्तेकडून विकत घेतला एडवर्ड क्लाइव्हने. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा, लडलोचा माजी खासदार आणि मद्रासचा माजी गव्हर्नर. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, तेव्हा मद्रासला हाच होता. टिपूचा तंबू आजही वेल्समधल्या पोविस कॅसलमध्ये आहे, आणि लडलोचा किल्ला अजून पोविस घराण्याकडेच, म्हणजे याच एडवर्डच्या वंशजांकडे. तिकीट काढताना आपल्या माणसाला एवढं ठाऊक असावं.

गाव महाग आहे, पिकलेली डोकी फार, आणि पाचनंतर दुकानांची शटरं खाली. म्हणून सकाळची गाडी पकडा, आणि पिशवी सोबत ठेवा.